साठ खुंट

सावलीने पीक मरतं म्हणून धाकट्या भावाने, सरकारी अनुदानावर मी बांधाला लावलेली साठच्या साठ झाडं कापली, तीही पाहणीला महिना उरला असताना. माझं डोकं फिरलं. त्याचीच कुऱ्हाड हिसकावून मी त्याच्यावर घातली. त्याचा उजवा हात मनगटापासून तुटून पाल्यात पडला. दवाखान्यात "यंत्रात गेला," एवढंच तो बोलला.

महिन्याने पाहणीचे साहेब आले. मी मेल्याहून मेला होऊन खुंट दाखवले. साहेब वाकले आणि हसले.

"अहो, प्रत्येक खुंटाला कोंब आलाय! नियमाने झाडं जिवंत. करा दोघं सह्या."

जमीन कागदावर अजून दोघांचीच होती. वळणदार अक्षरासाठी शाळेत बक्षिसं मिळवलेल्या माझ्या भावाने डावा अंगठा शाईत बुडवला.