हातोहात

गोवा वेगळं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी कोरगावच्या टेकडीवर पाण्याची टाकी बांधायला घेतली. सुमंगला तेव्हा तिशीची. पार्श्याहून चालत यायची आणि चार बायकांबरोबर काँक्रीटच्या पाट्या वाहायची. कामावर शब्द चालायचा तो बांद्याच्या कृष्णनाथ मिस्त्रीचा.

एके सकाळी ठेकेदाराने दहा पिवळी हेल्मेटं पाठवली. पुरुषांपुरतीच. आणि पुरुषांना ती नकोच होती. कुणी त्यात काजूची बोंडं गोळा केली, कुणी पालथं घालून वर बसला. मिस्त्रीने आपल्या हेल्मेटात खिळे ठेवले.

"मिस्त्री, आणि आमकां?" सुमंगलेने विचारलं.

"तुमी पाटी मगे खंय ठेवतल्यात?"

सगळे हसले. तीही हसली. पण त्या दिवशी पाट्या नव्हत्या, खांबांच्या शटरिंगच्या फळ्या उतरवायच्या होत्या. तिने मिस्त्रीचे खिळे डब्यात ओतले, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि खाली फळ्या रचायला उभी राहिली.

दुपारी वरून एक फळी निसटली. सुमंगला खाली बसली ती उठेचना. मिस्त्री शिडीवरून घसरतच उतरला. तिचा खांदा काळानिळा झाला होता. डोक्याला साधं टेंगूळही नव्हतं. हेल्मेटला मात्र आरपार चीर गेली होती. त्या चिरेवरून बोट फिरवत तो मटकन तिच्या शेजारी बसला.

आठ दिवसांनी स्लॅब ओतायचा होता. ठेकेदाराचा मुकादम जयराम आला, तर मिस्त्री हाताची घडी घालून उभा.

"बायलांक हेल्मेटां येवंदेत. मगे मिक्सर चालू करतंय."

"अरे, मग त्या डोक्यावरून पाट्या नेणार कशा?"

सुमंगलाच म्हणाली, "डोक्यार कित्याक? हातोहात दिवया."

जयरामची जीप पेडण्याला गेली, हेल्मेटं घेऊन आली. मग खालच्या मिक्सरपासून वरच्या टोकापर्यंत सगळे रांगेत उभे राहिले, एक बाई, एक पुरुष, पुन्हा बाई. रुक्मिणीने फुगडीचं गाणं धरलं आणि पाट्या त्या ठेक्यावर वर चढू लागल्या. उन्हं कलली तेव्हा स्लॅब पुरा झाला. तळहात सोलवटले होते. गोल पावाचे उंडे आणि पातळ भाजी खाताना कुणाला घास नीट धरता येत नव्हता, आणि त्याचंच हसू येत होतं.

आता सुमंगलेची साठी उलटलीय. तेवढी माणसं तशी एका रांगेत तिने पुन्हा कधी पाहिली नाहीत. कृष्णनाथ मात्र पुढे कितीतरी वर्षं गणपतीच्या चवथीला बांद्याहून यायचा, भावासारखा ओटीवर बसायचा, आणि तिच्या हातच्या नेवऱ्या खाऊनच परतायचा.