सयाजीराव साहेबांची जोडणी

पहिले दोन महिने संघप्रिया कांबळेला सयाजीराव साहेबांची कीव यायची. पुढं नुसती चीड उरली. चेअरमनच्या ओळखीनं चिकटलेला हा माणूस २००४ साली कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात नेटवर्कचा प्रमुख होता. तिचं सहा महिन्यांचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ह्याच्याच हातात होतं.

कंपनीनं इचलकरंजीची एक सूतगिरणी विकत घेतली. दोन्हीकडची नेटवर्कं वेगळ्या पद्धतीची, आणि ती दोन ठिकाणी एकमेकांना जोडायची होती.

"सर, आपल्याकडनं तिकडं जाणाऱ्या प्रत्येक रूटला, म्हंजे कुठल्या पत्त्याला कुठनं जायचं त्या वाटेला, टॅग लावूया, खुणेसारखा," संघप्रिया म्हणाली. "टॅग दिसला की दुसऱ्या जोडणीतनं तो रूट परत आत घ्यायचा न्हाय. न्हायतर आपलाच रूट नवा म्हणून आपल्याला मिळंल."

"सगळ्यास्नी सगळं कळू दे की," साहेब म्हणाले. "भेदभाव कशाला?"

भेदभाव म्हणे! तिच्या जेवणाच्या डब्याकडं अजून तिरक्या नजरेनं बघणारा माणूस तिला हा शब्द शिकवत होता.

जोडणी टॅगांशिवायच झाली. सोमवारी अकरा वाजता कंपनीचा गडहिंग्लजचा डेपो नेटवर्कवरून गायब झाला. शाहूपुरीला वाटायचं तो गिरणीकडून सापडेल, गिरणीला वाटायचं शाहूपुरीकडून. सुताच्या ऑर्डरी दोघांच्यात येरझाऱ्या घालून मरत होत्या. साहेबांनी राऊटर तीनदा बंद-चालू केला आणि मग त्याच्यापुढं उदबत्ती लावली. संघप्रियानं टॅग लावले. वीस मिनिटांत डेपो जागेवर आला.

शुक्रवारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"तुला कायम करता येत न्हाय बघ. बिघाड तुझ्यामुळं झाला, असं पुण्याचं हेड ऑफिस म्हणतंय."

त्यांनी मेलची प्रिंट पुढं सरकवली. तिनं ती तळापर्यंत वाचली. ही खोड त्या ऑफिसात तिला एकटीलाच होती. तळाशी मूळ मेल होता. सोमवार, दुपारी सव्वाबारा, बिघाड संघप्रियामुळे झाला. खाली नाव सयाजीरावांचं. पुण्यातली चार टेबलं फिरून तो परत आला होता.

"सर, हे तुम्हीच लिवलंय."

साहेबांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचलं. आता तरी ह्या माणसाची मान खाली जाईल, असं तिला वाटलं.

"व्हय की," ते खुशीत म्हणाले. "म्हंजे पुण्याच्या आधी मीच वळाकलंतं."

आणि त्यांनी तिला घरी पाठवायच्या कागदावर सही केली.