पाझरबाबांचा हात

"आला, आला! थेंब आला!" गर्दीतून आरोळी उठली आणि शिलाई कारखान्यात काम करणारी एक बाई चार वर्षांच्या लेकीला छातीशी धरून पुढे घुसली. टेबलावर पांढऱ्या दगडाचा हात उभा होता आणि त्याच्या बोटांतून खरंच तेल पाझरून चांदीच्या वाटीत पडत होतं.

"वास घेऊन बघा! वर्ष झालं, खवट नाही! माणसानं गाळलेलं तेल असतं तर केव्हाच नासलं असतं!" टेबलामागून त्या हाताचे मालक पाझरबाबा गरजले. तेल नासलं नव्हतं, एवढं मात्र खरं.

लेकीचा खोकला महिनाभर हटत नव्हता. औषधं चालू होती, आईचा धीर संपला होता.

"रोज नाकात तीन थेंब. आणि डॉक्टरचं औषध बंद. नाहीतर हात रुसतो," बाबांनी बजावलं. तिनं कुपीत तेल भरून घेतलं.

दहाव्या दिवशी लेकीचे ओठ निळे पडले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहिला, मग तेलाची कुपी. "ताई, हे खनिज तेल दिसतंय. तसं ते वाईट नाही. बद्धकोष्ठाला, कोरड्या कातडीला आम्हीही देतो. पण श्वासातून आत गेलं की फुप्फुसात बसतं. खोकून निघत नाही."

"पण मॅडम, ते खवट होत नाही हो!"

"कसं होईल? खवट होतं ते बियांचं तेल. हे जमिनीतून काढलेल्या खनिज तेलापासून बनवतात. तुम्ही शिलाईकाम करता ना? तुमच्या मशीनमध्ये काय घालता?"

रोज सकाळी ती मशीनला असंच तेल घालायची, चिंधीवर चार टाके मारून जादाचं टिपून घ्यायची. रोजच्या हाताळणीतलं तेल, पण चांदीच्या वाटीत आलं आणि तिला ओळखू आलं नाही.

"वाचेल ना?"

"प्रयत्न चाललाय. आज काही सांगता येत नाही."

आजीला लेकीजवळ बसवून ती बाबांच्या टेबलाकडे धावत सुटली. रांगेच्या तोंडाशी एक बाप तान्ह्या बाळाची मान मागे करून उभा होता.

"नको रे दादा! माझी पोर त्या तेलानंच मरणाला टेकलीय!"

"पापिणी, हात रुसेल!" बाबा किंचाळले.

"रुसू दे मेला!" तिनं फोडायलाच तो दगडी हात उचलला, तर दगड कसला, किती हलका! मनगटाखाली मेणाचं बूच होतं. तिनं ते नखानं उपटलं आणि तेल भळाभळा टेबलावर सांडलं. आतून पोकळ, तेल शोषणारं प्लास्टर, वरून ते अडवणारा चकचकीत लेप. लेप खरवडला होता तो फक्त बोटांच्या टोकांवर, म्हणून तेल तिथूनच झिरपायचं. लोक बघत राहिले आणि बाबांनी मागच्या मागे पोबारा केला.

"मी विचारलं नाही," ती रडत म्हणाली. "तुम्ही तरी विचारा. हे काय आहे, कशापासून केलंय, आत गेलं तर काय होईल? जो विचारू देत नाही, त्याच्या हातात लेकरू देऊ नका."

बापानं बाळाला खांद्यावर घेतलं. "ताई, दवाखाना कुठंय?"

"चला," ती म्हणाली, "मलाही तिथंच जायचंय." आणि ती त्याच्यापुढे पळत निघाली.