बंबात घालू नये

मी एक जुना बाभळीचा खुंटा आहे. उंची हातभर, जाडी चार इंचांच्या वर, वर धरायला मूठ, आणि नाकाकडून जळालेला. मित्रांनो, जळलेल्या लाकडाचं आत्मवृत्त बहुतेक वेळा राखेपाशी संपतं. माझं तिथे का संपलं नाही, ते सांगतो. सांगताना मी अधूनमधून बंबाकडे बघेन. तुम्ही लक्ष देऊ नका, मला सवय लागली आहे.

माझा जन्म कुंडलजवळ, आप्पासोंच्या उसाच्या बांधावर झाला. झाड होतो तेव्हा मला कसलीच काळजी नव्हती. काटे होते. पुढे माझी सावली उसावर पडते म्हणून मला तोडलं आणि आप्पासोंनी खोड मोटरसायकलला आडवं बांधून माधवनगरला आपल्या दोस्ताकडे, लालासाहेबांकडे आणलं. रस्ताभर समोरच्या गाड्या खाली उतरून आम्हाला वाट देत होत्या. एवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी पाइपांचे जोड आणि वळणाचे बेंड करायचा धंदा काढला होता. कारखाने हा माल मशिनीत करतात. लालासाहेब हातानं करायचे, कारण मशीन विकत आणावं लागतं आणि हात घरचेच होते.

आप्पासोंच्या गावानं तेव्हा नदीवरून माळावर पाण्याची लाईन टाकली होती. तिचा प्लास्टिकचा पाइप म्हणजे एका बंद पडलेल्या कारखान्याचा उरलेला माल. स्वस्त होता. स्वस्त का होता, हे कुणी विचारलं नाही. सगळे त्याला चार इंची म्हणत, पण तो चार इंचीपेक्षा नखभर जाड होता. त्याचे जोड करायचे तर तेवढ्याच जाडीचा खुंटा हवा. लालासाहेबांनी मोजपट्टी शोधली, ती सापडेना. मग त्यांनी पायातल्या फौजी बुटाची नाडी सोडली, पाइपाभोवती गुंडाळली, नेमकी गाठ मारली आणि एक बूट नाडीचा, एक बिननाडीचा असे ते लेथवाल्याकडे गेले.

लेथवाला मिस्त्री आयुष्यभर सूतगिरणीच्या बॉबिनी करत आलेला. गिरणी कधीच बंद पडली होती, पण हे त्याच्या हातांना कुणी कळवलं नव्हतं. माझ्यावरही त्यानं खोबण पाडायला घेतली.

"आवं मिस्त्री, ह्येच्यावर सूत न्हाई गुंडाळायचं," लालासाहेब म्हणाले. "पाइप चढवायचाय."

"मग आदी सांगायचं. एवड्या जाड सुताचं धोतर कोन नेसनार, म्हनून मी मगाधरनं इचार करतोय," मिस्त्री म्हणाला, आणि नाडीची गाठ माझ्या कमरेत बरोबर बसेपर्यंत मला खरवडत राहिला.

माझं काम सोपं होतं. म्हणजे मला काहीच करायचं नसे, जे व्हायचं ते माझ्यावर होई. पाइपाचं टोक तापलेल्या तेलात बुडवलं की ते उकडलेल्या भोपळ्यासारखं मऊ पडतं. लालासाहेब हातात जुने लोकरी मोजे घालून ते माझ्या नाकावरून आत दाबत. टोक फुलून माझ्याएवढं होई. वरून ओलं पोतं फिरवलं की ते कडक पडे. मग पीळ द्यायचा आणि ओढायचं, की झाला जोड. मला लगेच बादलीत बुडवत. चटका आणि बादली, चटका आणि बादली, यातच माझं तारुण्य गेलं. इतकं पाणी प्यायलो की माझं पोट पुढे कधी पुरतं वाळलंच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बेंडाचीही टोकं माझ्यावरच फुलत, पण आधी पाइप चेमटू नये म्हणून त्यात गरम वाळू भरायची आणि तो हळूहळू वाकवायचा. लालासाहेब त्याला हुकूम देत. "दाहिने मुड." पाइप मुडायचा. "थम." थांबायचा. "विश्राम" म्हटल्यावरच त्याची सुटका होई. एखादा पाइप उलटीकडे वळला तर त्याला काय शिक्षा देतील, या चिंतेत मी कित्येक दुपारी काढल्या. पण एकही वळला नाही.

आप्पासोंच्या गावात माझे जोड असे बसत की जणू पाइपालाच फुटले आहेत. बाजारातले जोड त्या लाईनीवर चढतच नसत. त्यामुळे गावाची पक्की समजूत झाली की लालासाहेबांचं माप तेवढं खरं, बाकी सगळं जग बारीक आहे. दर खंडेनवमीला मला हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि पेढ्याचा तुकडा मिळे. पेढा मुंग्या नेत. माझी तक्रार नव्हती.

मग लालासाहेबांची लेक अंकिता डिप्लोमा करून घरी आली. तिच्याकडे व्हर्निअर होता, म्हणजे मापातला केसाएवढा फरक पकडणारं यंत्र. तिनं शेडमधलं सगळं मोजलं. तव्याचा दांडा मोजला. झोपलेल्या वडिलांचं नाक मोजलं. शेवटी मला मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"आबा, ह्यो खुंटा जाड हाय. दुकानातल्या पायपाला ह्याचा जोड ढिला बसतो."

"ढिला न्हाई गं, ऐसपैस बसतो."

"ऐसपैस बसला की गळतो, आबा."

मित्रांनो, ती बरोबर होती. तिनं लेथवर एक लोखंडी खुंटा करून आणला. चकचकीत, थंड, एक शब्द न बोलणारा. त्याचे जोड दुकानातल्या प्रत्येक पाइपाला बसू लागले आणि शेडमध्ये नवी गिऱ्हाइकं येऊ लागली. मला अंकितानं मागच्या अंगणात, बंबाशेजारच्या लाकडांच्या ढिगावर ठेवलं. "सध्या राहू दे हितं," ती म्हणाली. ढिगातल्या प्रत्येकाला कुणीतरी हेच म्हणालं होतं.

बंब रंगूआत्यांच्या ताब्यात. रंगूआत्या म्हणजे लालासाहेबांची थोरली बहीण. त्यांना लांबचं दिसतं, हातातलं दिसत नाही. चष्मा आहे, पण वाफेनं काचा धुरकटतात म्हणून तो त्या आंघोळ झाल्यावरच लावतात. बंब पेटवायचा तो मात्र आंघोळीआधी. तेव्हा त्या लाकूड चाचपून निवडतात. जे गोल असेल आणि हातात नीट बसेल ते त्यांच्या पसंतीस उतरतं.

मी गोल होतो. मला मूठ होती.

माझ्या डावीकडे खाटेचा पाय होता. बोलायला बरा होता. एका गुरुवारी तो गेला. मग पाटाचा तुकडा गेला, करवंट्या गेल्या. रोज पहाटे आत्यांच्या चपला वाजल्या की मी चौकोनी दिसायचा प्रयत्न करायचो. तुम्हीही कधी करून बघा. फार थकवा येतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आप्पासो आले. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, त्यात फक्त डोळे ओळखीचे. हातात पाइपाचा तुकडा आणि त्यावर अर्धवट चढून चिरलेला बेंड.

"लाला, वड्याजवळचा बेंड फुटला म्हनून तुज्याकडनं नवा नेला. त्यो चढंना. तापवून ठोकला तर ह्यो असा चिरला. बाजारातनं दुसरा आनला, त्यो बी बारीक. आता काय करू सांग."

"पाणी कवा हाय तुजं?"

"आज आनि उद्याच हाय पाळी. लागण करून ठेवलीया. आंबवणीचं पाणी चुकलं तर उसाचं एक कांडं उगवायचं न्हाई, समदं मातीत वाळंल. मग पुढची पाळी कवा आन् काय."

तेवढ्यात रंगूआत्या अंगणातून म्हणाल्या, "आप्पा, आदी अंग धू. तुज्या अंगावरच लागण हुईल एवडी माती हाय. पाणी तापवते, थांब."

आणि त्या ढिगाकडे वळल्या.

मी चौकोनी झालो. जमेल तेवढा झालो. आत्यांचा हात फिरला, थांबला आणि माझ्या मुठीवर घट्ट मिटला. "ह्ये ब्येस हाय," त्या म्हणाल्या.

बंबाच्या मधून एक उभी नळी असते, जाळ तिच्यात करतात. आत्यांनी खाली काटक्या पेटवल्या आणि वरून मला सोडलं. मित्रांनो, आयुष्यभर दुसरे माझ्यावर चढत आले. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाच्या तरी आत बसलो, आणि काय बसलो. केसाचीही जागा उरली नाही. व्हर्निअर असता तर त्यालाही समाधान वाटलं असतं. फक्त माझी मूठ तेवढी वर राहिली. ज्या माणसाच्या उसाचं पाणी माझ्यावर अवलंबून, त्याच माणसाच्या आंघोळीचं पाणी तापवायला मला लावलं होतं, आणि हे फक्त मला माहीत होतं.

खालून नाक जळू लागलं. मला दिसत नव्हतं, पण शेडमधलं ऐकू येत होतं. अंकिता तो तुकडा मोजत होती.

"आबा, काकांचा पाइपच जाड हाय. नखभर. कंच्या कारखान्याचा ह्यो?"

लालासाहेब हळूच म्हणाले, "नाडी."

"काय?"

"बुटाच्या नाडीनं मोजला हुता मी. ह्याच लाईनीचा पाइप. खुंटा चुकला न्हाई गं, खुंटा ह्यांच्या मापाचा हाय. आन त्यो. चार बेंड आत्ता काढून देतो. कुठाय?"

इकडे नळीत माझं नाक तडतडू लागलं.

"ढिगावर ठेवलाय," अंकिता म्हणाली.

"कंच्या ढिगावर?"

"बंबाच्या."

फौजेतला माणूस धावतो तेव्हा पावलं एका तालात पडतात. त्या सकाळी तशी पडली नाहीत.

इकडे न्हाणीघरातून आप्पासो म्हणाले, "आक्का, पाणी गार हाय. आनि धूर लय येतोय."

"जरा दम धर की. पेटतंय."

"पेटत न्हाई, नुसतं कोंदतंय. आनि वास पायपाचा येतोय गं."

इथे माझं पोट कामाला आलं. नळी मी पुरती बुजवली होती, त्यामुळे जाळाला वारा मिळेना, आणि आत मुरलेलं पाणी बाहेर येऊन सूं सूं करत होतं. लालासाहेबांनी नुसत्या वासावरून मला ओळखलं. त्यांनी मूठ धरून ओढली. मी हलेना. टॉवेल गुंडाळलेल्या आप्पासोंनी बंबाला मिठी मारली आणि चटका बसून सोडली.

अंकिता लोकरी मोजे चढवत आली. "ओढू नका. आदी पीळ द्या."

तिनं पीळ दिला आणि ओढलं. मी बूच निघावं तसा निघालो आणि सरळ आप्पासोंच्या आंघोळीच्या बादलीत पडलो. बादलीतलं पाणी तेव्हा कुठे जरा कोमट झालं.

"माझा बंब बिघडिवला ह्येनं," रंगूआत्या म्हणाल्या.

माझं नाक कोळसा झालं होतं. अंकितानं ते खरवडलं, तेव्हा मी बाजारातल्या मापापेक्षाही बारीक भरलो. आप्पासो मटकन पायरीवर बसले. अंकितानं गोडेतेलाचा रिकामा डबा कापला आणि पत्र्याची पट्टी माझ्याभोवती ठोकली. मोजलं. आणखी एक पट्टी ठोकली. पुन्हा मोजलं. शेवटच्या खात्रीसाठी वडिलांपुढे हात केला.

"आबा, नाडी."

लालासाहेबांनी वाकून बूट सोडला.

दुपारच्या आत बेंड तयार झाले. आप्पासो ते घेऊन तसेच निघाले, अर्धे धुतलेले आणि अर्धे तसेच. संध्याकाळी फोन आला.

"आलं पाणी. सरीच्या टोकापतुर गेलं. आनि अंकिता, तुज्या लोखंडी खुंट्याचं तेवडं बघ. बारीक हाय त्यो."

"व्हय काका, बघते," अंकिता म्हणाली.

आता मी आणि लोखंडी खुंटा एकाच फळीवर असतो. तो जगाचे जोड करतो, मी एका गावाचे. माझ्या कमरेवर तेलाच्या डब्यावरचं सूर्यफूल आहे. लालासाहेब त्याला मेडल म्हणतात. अंकितानं माझ्या मुठीवर लाल रंगानं ठळक लिहून ठेवलं आहे: बंबात घालू नये.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती कुणाच्या मापाची आहे, एवढं एकदा विचारा. जगाच्या मापात ती बसत नसेल, तरी कुठल्यातरी माळावर कुणीतरी तिची वाट बघत असतं. ही झाली तुमच्यासाठी शिकवण. आता माझ्यासाठी एक विनंती. कालपासून ढिगातली लाकडं संपली आहेत आणि रंगूआत्या जळण शोधत शेडपर्यंत येऊ लागल्या आहेत. मुठीवरची अक्षरं मोठी आहेत, पण चष्मा लावल्याशिवाय त्यांना ती वाचता येत नाहीत. तो चष्मा देवघरात, घंटेशेजारी असतो. कुणी इकडे आलात, तर तो उचलून बंबाजवळ ठेवा. पहाटेच्या आत ठेवा.