घासापुरती आई

"आ कर रे राजा, हा बघ आला!" मोबाइलमधली आई स्वतःच आ वासून बसली होती. दोन वर्षांच्या पोराने ताटाकडे न बघता तोंड उघडलं आणि आजीने चमचा आत सरकवला.

पोराची आई दूरच्या शहरात दुसऱ्यांचं बाळ सांभाळते. ते दुपारी झोपलं की अर्धा तास तिचा. तेवढ्यात ती आपल्या लेकाला फोनवरून भरवायची.

घरोघरच्या बारीक मुलांना काय, कसं भरवायचं हे सांगणं माझं काम. वजन, उंची, खाणं टॅबमध्ये भरलं की तो सल्ला देतो. टॅब शहाणा आहे, पण भारी फटकळ. हे पोर अजून लाल रंगात, म्हणजे फारच कमी वजनाचं होतं. टॅबने सुनावलं, 'जेवताना मोबाइल बंद ठेवा. मुलाला स्वतःच्या हाताने खाऊ द्या.'

"अहो ताई," आजी कळवळली, "एवढं एकच सुख आहे हो माझ्या लेकीला."

लेकीने फोनवरून सगळं ऐकलं होतं.

"मी नसले तर जास्त खाईल तो?"

"फोनकडे बघताना भुकेकडे लक्षच नसतं त्याचं," मी म्हणाले. "बघू या तरी."

"मग आई, जेवण झाल्यावरच फोन करत जाईन," म्हणाली, आणि तिनेच फोन ठेवला.

सुरुवातीला त्याने आजीच्या नाकी नऊ आणले. ताट भिरकावलं, घास थुंकला. आजी मला सगळं खरं सांगायची. एक चमचासुद्धा वाढवून सांगितला नाही कधी. मग एके दिवशी पोराने मूठभर भात उचलला. अर्धा केसांना लागला, अर्धा पोटात गेला.

पुढच्या महिन्यात मी वजन घेतलं आणि टॅब लालचा पिवळा झाला. आजीने माझे दोन्ही हात धरले. तेवढ्यात फोन वाजला.

"जेवला?"

"ताट चाटून! आपल्या हाताने!"

लेक खळखळून हसली. "दे ना त्याला फोन."

पोर अंगणात चेंडूमागे पळत होतं. आजीने दोनदा हाक मारली, पण ते फिरकलं नाही. घास होता म्हणून ते फोनसमोर बसायचं. नुसतं बोलायला कशाला थांबेल?

"राहू दे, खेळू दे," ती म्हणाली. मग हळूच, "जेवताना माझी आठवण काढतो का गं?"

आजीने माझ्याकडे बघितलं नाही.

"काढतो की. घासागणिक."

मी टॅबमध्ये डोकं घातलं. मोबाइलमध्ये तिचं तोंड सवयीने किंचित उघडलं होतं.