गार्डच्या पोटातला आवाज

"बोललं! प्वाट बोललं की गं बाई!" शेजारच्या नवसाबाई ओरडल्या आणि अंगणात बसलेल्या सगळ्या बायांनी एकदम हात जोडले. कुंपणाबाहेरचे पुरुष चवड्यांवर उभे राहून आत डोकावू लागले. मधोमध गोणपाटावर आमचा कुत्रा गार्ड कुशीवर पडला होता. त्याचं पोट ढोलकीसारखं ताणलेलं होतं. भगव्या कापडात गुंडाळलेला स्टेथोस्कोप त्या पोटावर टेकवून नादबाबा डोळे मिटून बसले होते, आणि नळीची दुसरी टोकं माझ्या आईच्या कानांत होती.

"आई म्हणतोय ना, माई? नीट ऐका. आई, आई, असं."

आईचा चेहरा हळूहळू उजळला. "हो. आईच म्हणतोय."

त्याच क्षणी गार्डच्या मागच्या बाजूनं जे बाहेर पडलं, त्यानं पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर नाकाला लावले. बाबांनी डोळे न उघडताच खुलासा केला, "भिऊ नका. अतृप्त वासना बाहेर पडतेय. अजून पुष्कळ शिल्लक आहे."

ते मात्र खरं होतं. त्या दिवशी रात्रीपर्यंत वासना बाहेर पडतच राहिली.

१९७९च्या हिवाळ्यातली ही गोष्ट. नाशिक रोडला रेल्वे मालधक्क्याजवळच्या चाळीत आम्ही राहायचो. आप्पा मालधक्क्यावर कारकून होते. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन एका शाळेच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. धाकटा भाऊ जयराम रेल्वेत खलाशी होता. यार्डात वॅगनखाली सापडलेलं पिल्लू त्यानंच घरी आणलं आणि त्याचं नाव गार्ड ठेवलं. गाडी सुटली की ते मागं धावत भुंकायचं, म्हणून.

दिवाळी झाल्यावर मोहदरीच्या घाटात ट्रकनं जयरामच्या मोटरसायकलला उडवलं. दहाव्याला आम्ही गोदावरीवरच्या दसकच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला, सगळे लांब सरकलो. कावळे समोरच्या पिंपळावर बसून होते, पण एकही खाली उतरेना. आईनं एकेक इच्छा बोलून पाहिली. गार्डला सांभाळू, माझं, म्हणजे मंगलचं, लग्न करू, मोटरसायकल विकणार नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात आमच्या मागोमाग आलेला गार्ड पुढं झाला आणि सबंध पिंड गिळून मोकळा झाला.

आई त्या दिवशी रडली नाही. ती फक्त कुत्र्याकडे बघत राहिली.

तिच्या मनात काय चाललंय ते कुणाच्या तरी मार्फत नादबाबापर्यंत पोचलं असावं. पुढच्याच गुरुवारी स्वारी दारात हजर. "माई, कावळा शिवला नाही, कारण पोराला तुम्हाला सोडून जायचंच नव्हतं. त्यानं स्वतः गार्डचं पोट निवडलं. ही नळी विलायती समजू नका. ही ब्रह्मनलिका. डॉक्टर लोकांना हिच्यातून नुसतं छातीतलं ऐकू येतं. त्यांची साधनाच तेवढी!"

मग नियम ठरले. जयरामच्या नावानं रोज नैवेद्य. हरभऱ्याची उसळ, दुधाची खीर, कांद्याची भजी. सकाळभर कुत्रा उपाशी ठेवायचा आणि दुपारी सगळं एकदम पुढ्यात द्यायचं. घाटावर जसे आपण पिंडापासून लांब सरकतो, तसं बायकांनी पाठ फिरवून घरात बसायचं; पत्रावळ आप्पांनी मागच्या दारी न्यायची. गुरुवारी संध्याकाळी नाद ऐकायचा.

"आई, जयरामला दूध कधी आवडायचं?" मी विचारलं. "साय दिसली की पेला बाजूला सारायचा तो."

"गेल्यावर माणसाच्या आवडी बदलतात," आई म्हणाली. स्वतः ती एक वेळ जेवू लागली होती. पोराचं पोट भरल्याशिवाय तिला घास उतरत नव्हता.

गर्दी वाढत गेली. लोक बदलीचं विचारू लागले, मुलीच्या स्थळाचं विचारू लागले, कनवटीचे पैसे सोडून बाबांपुढं ठेवू लागले. गुडगुड झाली की हो, नाही झाली की नाही. मी बाबांच्या चेहऱ्याकडं बघणं सोडून हातांकडं बघू लागले. नळीची चकती धरलेल्या हाताचा अंगठा होकाराच्या वेळी बरगड्यांखाली खोल रुतायचा. नकाराच्या वेळी तो नुसता ठेवलेला असायचा. फुगलेल्या फुग्यात पाणी असेल आणि तुम्ही तो दाबलात तर आवाज होणारच. पण हे मी कुणाला सांगणार? आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "देवळातली घंटासुद्धा हातानंच वाजवावी लागते."

इकडे गार्ड पायरी चढेनासा झाला. गाडी सुटली तरी मान उचलेना. आणि एका गुरुवारी बाबांनी जाहीर केलं, "पुढच्या गुरुवारी उद्यापन. मोठा नैवेद्य. त्यानंतर कुत्र्यानं देह ठेवला, तर कुणी रडायचं नाही. कुत्रा गेला म्हणजे जयराम सुटला."

कुत्रा मरणार हे त्या माणसाला कळलं होतं. त्यानं त्याचंही उत्तर आधीच तयार ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी गार्डला हातगाडीवर घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर गांगुर्डे सुरगाण्याकडचे, बोलायला रोखठोक. "खायला काय घालता?"

मी सांगितलं.

"हे कुत्र्याचं खाणं आहे का बारशाची पंगत?" त्यांनी स्टेथोस्कोप लावला, पोटावर बोटं आपटून पाहिली. "तुम्ही सायन्सवाल्या, तुम्हाला लवकर कळेल. कुत्रं मोठं झालं की दूध पचवणारा रस त्याच्या आतड्यात कमी होतो. हरभऱ्यातल्या काही साखरा तर त्याला फोडता येत नाहीत, आपल्यालाही येत नाहीत. न पचलेलं सगळं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू ते आंबवतात. मग वायू. त्यात उपाशी कुत्रं हावरेपणानं गिळतं, अन्नाबरोबर हवाही गिळतं. वाजेल नाही तर काय करेल?"

मग त्यांनी गार्डचा ओठ वर केला. गुलाबी असायला हवी ती हिरडी खडूसारखी पांढरी होती.

"हे मात्र गॅसचं नाही. हा कांदा. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. गॅसनं तो नुसता हैराण होईल. कांद्यानं मरेल."

"काय करू?"

"ते सगळं आजपासून बंद. आज फक्त पाणी आणि थोडी भाताची पेज. उद्यापासून मऊ भात आणि उकडून बारीक केलेलं मटण. तेल नाही, मसाला नाही. एकदम ढीग द्यायचा नाही, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. आणि ताटलीत नदीतला एक गुळगुळीत गोटा ठेवा, त्याला गिळता येणार नाही एवढा मोठा. गोट्याच्या कडेकडेनं खावं लागलं की आपोआप सावकाश खातो. पोट दोन-तीन दिवसांत गप्प होईल. रक्त भरायला आठवडे लागतील. पण कांदा पुन्हा पोटात गेला तर मला बोलवू नका."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती हरभरे निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे मी माझ्या पोराला उपाशी ठेवू?"

"आई, तो गार्ड आहे."

"तू त्याची बहीण ना गं? तुला ऐकू येत नाही म्हणून मीही ऐकू नको?" तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "घाटावर तो माझ्या हातचं न खाता गेला असता. आता खातोय. एवढं तरी राहू दे मला."

मी मागच्या दारी गेले. आप्पा पायरीवर बसले होते. जयराम गेल्यापासून ते कामापुरतंच बोलत. मी त्यांना गार्डची हिरडी दाखवली.

"आप्पा, पत्रावळ तुमच्याच हातात असते. मी शेजारी नवसाबाईंच्या चुलीवर भात शिजवते, कुणासाठी ते न सांगता. तो गार्डला घाला, आणि नैवेद्य खड्ड्यात टाका."

आप्पांनी गार्डच्या कानामागं खाजवलं. "तिला फसवायचं?"

"नाही तर हा मरेल. आणि हा मेला की जयराम सुटला म्हणून ती पेढे वाटेल. मग महिन्याभरानं तिला कळेल की घरात दोघंही नाहीत."

आप्पा उठले आणि दसकच्या घाटावरून एक गोटा घेऊन आले.

गार्ड सुधारला. त्याचं पोट खाली बसलं, तो शांत झोपू लागला. आईला वाटलं, जयराम निघायची तयारी करतोय. ती आणखीच घाईनं रांधू लागली. आप्पांचा चेहरा मात्र दिवसेंदिवस ओढलेला दिसत होता. मला वाटलं, आईला फसवणं त्यांना सोसत नाहीये.

गुरुवार उजाडला. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबांनी आमच्याकडे केळीच्या पानावर जेवून ढेकर दिली आणि ब्रह्मनलिका बाहेर काढली. नळी आईच्या कानांत घातली, चकती गार्डच्या पोटावर.

"जयरामा, तृप्त झालास का?" अंगठा रुतला.

काही नाही.

"जयरामा!" अंगठा आणखी खोल गेला. गार्डनं मान वळवली आणि बाबांच्या मनगटापाशी दात दाखवून गुरगुरला. कितीतरी दिवसांनी त्याचा गळ्यातला आवाज ऐकला मी.

आईनं नळी कानांत घट्ट दाबली. "ऐकू येत नाही. बाबा, ऐकू का येत नाही? गेला का तो? मला न सांगता गेला?"

"माई, तो रुसलाय. इथं कुणीतरी अविश्वासी आहे." बाबांची नजर माझ्यावर आली. सगळं अंगण माझ्याकडं वळलं.

तेवढ्यात एक लांबलचक, दणदणीत गुडगुड उमटली. ती खांबाला टेकून उभ्या असलेल्या आप्पांच्या पोटातून आली होती.

"अगो बया!" नवसाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "जयराम आप्पांच्या पोटात गेला काय?"

पुन्हा गुडगुड. आप्पांनी पोटाला हात लावला आणि खाली बघत ते आईला म्हणाले, "सुमन, नैवेद्य मी खाल्ला."

"तुम्ही?"

"मंगलनं सांगितलं, खड्ड्यात टाका. गार्डला ती डॉक्टरांनी सांगितलेला भात घालत होती. पण तू त्याच्या नावानं रांधलेलं मातीत कसं टाकू? रोज बसून खाल्लं. आजची खीरसुद्धा. मला दूध सोसत नाही, तुला ठाऊकच आहे."

मी बाबांच्या हातातून चकती काढून घेतली आणि आप्पांच्या सदऱ्यावर टेकवली. नळी अजून आईच्याच कानांत होती.

"ऐक."

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "तोच. तोच आवाज आहे."

"माई, आत्म्यानं स्थान बदललं!" बाबा चपळाईनं म्हणाले.

"मग इथं कोण आहे?" मी चकती त्यांच्याच ढेरीवर दाबली आणि नवसाबाईंना पुढं बोलावलं. त्यांनी आईच्या कानांतली नळी आपल्या कानांत घातली आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"बाई, बाई, बाई! ह्यो तर लय बोलतोय! पंगत बसलीय आत!"

मग नळी हातोहात फिरली. सासूनं सुनेचं पोट ऐकलं, सुनेनं सासूचं. प्रत्येक पोटात काहीतरी बोलत होतं. कुंपणाबाहेरून कुणीतरी ओरडलं, "बाबा, माझी बदली विचारा की तुमच्या पोटाला!" मी अंगठ्याची युक्ती सांगितली, गार्डच्या पांढऱ्या हिरड्या दाखवल्या. बाबा केव्हा निसटले ते कुणी पाहिलं नाही. नळी मागायला ते परत आले नाहीत.

आई मात्र हसत नव्हती. अंगण रिकामं झाल्यावर तिनं मला विचारलं, "पहिल्या दिवशी मला आई असं ऐकू आलं होतं. ते काय होतं?"

"तुला ऐकू यायच्या आधी त्यानं काय सांगितलं होतं?"

ती आठवत राहिली. "आई म्हणतोय, नीट ऐका, असं."

"हां."

"मग जयराम कुठंय?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाहीये, आई."

घाटावर न रडलेलं सगळं ती त्या संध्याकाळी रडली. आप्पा तिच्याजवळ बसून होते. कावळा का उतरला नाही, ते मी तिला नंतर कधीतरी सांगितलं. त्या दिवशी दसकच्या घाटावर सकाळपासून पिंडांची रांग होती. कावळ्यांची पोटं भरलेली होती, एवढंच.

गेलेल्या माणसाचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटणं यात काहीच मूर्खपणा नाही. मलाही तो ऐकायचा होता. पण त्या इच्छेवर कुणीतरी नळी टेकवून बसतं, आणि काय ऐकायचं ते आधी कानात सांगतं, तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघू नका, हातांकडं बघा. पोटातून आवाज आला तर आधी विचारा, काय खाल्लं होतं. उत्तर बहुधा पत्रावळीवरच सापडतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं स्वतः भात मऊ शिजवला. गोटा धुतला, ताटलीच्या मधोमध ठेवला आणि भोवतीनं भात पसरला. या खेपेला तिनं पाठ फिरवली नाही. गार्ड कडेकडेनं खाऊ लागला तशी ती समोर बसून म्हणाली, "सावकाश रे, गार्ड. कुणी नेत नाही तुझं."

मग तिनं स्वतःचं ताट वाढून घेतलं.