उणे अठरा अंशांवरचा मग

मित्रांनो, मी अर्ध्या लिटरचा एक जुना काचेचा मग आहे. सध्या माझा मुक्काम फ्रीजरमध्ये, उणे अठरा अंशांवर असतो.

माझा जन्म मात्र भट्टीतला. वितळलेली काच साच्यात दाबली, तिला दांडी चिकटवली आणि तडा जाऊ नये म्हणून मला सावकाश निवू दिलं. माझ्या भिंती पेन्सिलीइतक्या जाड आहेत. जाड काच लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही. या एका गुणावर माझी सगळी नोकरी झाली.

मला आणलं आत्याने. तिच्या भावाचं बिअरचं दुकान होतं आणि तळघरात बिअर बनवायचं काम तिचं. थंडीसाठी ती एक वेगळी, कडक काळी बिअर करी. कॉफीच्या रंगापर्यंत भाजलेली बार्ली, कडूपणासाठी हॉप्सच्या वेलाची फुलं, यीस्ट, आणि पिंपात दहा आठवडे. बाहेर पाण्याचे नळ गोठले की गिऱ्हाइकं येत. आत्या मला शेगडीजवळच्या फळीवरून काढी आणि तळघरातली बारा अंशांची बिअर माझ्यात ओती. माणूस मला दोन्ही हातांत धरून बसे. हातांची ऊब आत शिरे, तशी एकेक चव वर येई. आधी कडू, मग करपलेली साखर, मग पावाची भाजलेली कड.

छपरं दुरुस्त करणारा एक जण रोजचा. तो म्हणे, "आत्या, हिच्यापुढे माझी रजई पाणी भरते."

"रजईला सांगू नकोस. रात्री तिच्यातच झोपायचंय तुला," आत्या म्हणे.

भाऊ गेला आणि दुकान भाच्याकडे आलं. ऐन थंडीत एका कंपनीने आपली पिवळी बिअर देऊ केली. दुकानात बिअरचा नळ एकच. तो आत्याचा राहणार की कंपनीचा होणार?

भाचा मनाने वाईट नव्हता. "जुन्या गिऱ्हाइकांनाच विचारू," तो म्हणाला. "त्यांना आवडली तर काळीच ठेवू."

आणि त्या दिवशी त्याने मला फ्रीजरमध्ये ठेवलं. जाहिरातीत मग तसेच दिसतात, म्हणून.

माझ्यात बिअर पडली आणि तिची सगळी ऊब मी ओढून घेतली. बघता बघता ती दोन-तीन अंशांवर आली. इतक्या गारव्यात वास वर उठत नाही, जिभेला गोडवा कळत नाही. कडूपणा तेवढा उरतो.

छपरवाल्याने घोट घेतला आणि मला शेजारी बसलेल्या पोस्टमनकडे सरकवलं.

"नुसतं कडू पाणी," पोस्टमन हळूच म्हणाला.

छपरवाला म्हणाला, "वय झालं तिचं. हात गेला."

आत्या दारातच उभी होती. अंगणात पिंपं धुऊन ती नुकतीच आत आली होती. तिने मला उचललं आणि उरलेला घोट घेतला. गार पाण्याने तिची बोटं आणि अंगणातल्या वाऱ्याने ओठ इतके बधिर झाले होते, की माझा गारठा तिला जाणवलाच नाही.

"खरंय तुमचं," ती म्हणाली. "गेला हात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तळघरात उरलेलं काळ्या बिअरचं एकुलतं एक भरलेलं पिंप अंगणातल्या गटारात सोडलं. मी खिडकीत वाळत होतो. भाचा बाहेर आला.

"आत्या, कसला मस्त वास येतोय. काय भाजतेयस?"

आत्या थबकली. वाकून तिने वास घेतला.

"काल मग कुठे ठेवला होतास?"

"फ्रीजरमध्ये. तुझी बिअर म्हणून खास."

तिने गटाराकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "मी सांगतो त्यांना," तो म्हणाला.

"काय सांगशील? आणि चाखायला काय देशील?"

पिंपातून शेवटचे थेंब गळत होते. नव्या पिंपाला दहा आठवडे लागणार होते, तोवर थंडी संपली असती. दुपारी कंपनीचा माणूस नळ बदलून गेला.

आत्या आता तळघरात उतरत नाही. छपरवाला नव्या गिऱ्हाइकांना अजून सांगतो, "पूर्वी छान करायची हो. मग हात गेला."

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. चव बिघडली तर करणाऱ्याला नावं ठेवण्याआधी भांडं एकदा हातात धरून पाहा. मला तर आता कोणी उघड्या हाताने धरतही नाही. बोटं गारठतात, म्हणून दांडीला कागदी रुमाल गुंडाळतात.